कुणाचं भूत? बेळगाव-खानापूर भागातल्या भुतांच्या गोष्टी समजून घेताना

आमची आज्जी खानापूर तालुक्यातली. तिला कुणी येऊन सांगितलं की अमक्या वळणावर काहीतरी हाय, रात्रीचं दिसतंय, तर ती घाबरायची नाही, हातातलं काम पण सोडायची नाही, एवढंच विचारायची, "कुणाचं?" म्हणजे तिथं कोण गेलंय, कुणाच्या घरातलं, कशानं गेलं. सांगणाऱ्याला ते माहीत नसलं तर आज्जीच्या लेखी ती गोष्टच खोटी. आता मोबाईलवर रील येतात, बेळगावातल्या झपाटलेल्या जागा म्हणून, मागं कुत्री रडायल्याचा आवाज, पडक्या बंगल्यावर लाल बाण, आणि आमची पोरं रात्री पांघरुणात घुसून ते बघत बसतात, खरं त्यात 'कुणाचं' हे एकदा पण येत नाही. माझ्या मते भुताच्या गोष्टीचं कुलूप त्याच एका प्रश्नानं उघडतं, म्हणून हा विषय जमेल तेवढा सोपा करून सांगतो.

आधी शब्दच बघा. भूत म्हणजे मूळ संस्कृतात 'झालेलं, होऊन गेलेलं'. भूतकाळातलं भूत आणि पिंपळावरचं भूत हा एकच शब्द. आणि आपल्याकडं कन्नड पण कानावर पडतंच, तिच्यात भुताला 'देव्व' म्हणतात आणि देवाला 'देवरु', दोन्हीतला फरक एवढुसाच. एकाला निवद गाभाऱ्यात, दुसऱ्याला तिठ्यावर, खरं निवद दोघांना पण लागतो.

माणसाचं भूत का होतं याचा गावाकडं एक पक्का हिशोब आहे. आमचे थोरले काका गेले तेव्हा रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे मलप्रभेच्या काठावर. त्यांना आवडायचं ते सगळं पत्रावळीवर वाढलेलं, भात, वडे, शेंगदाण्याची चटणी, तंबाखूची पुडी पण ठेवलेली. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, खाली एक पण येत नव्हता. अर्धा तास गेला. मग बायका म्हणायला लागल्या, काहीतरी राहिलंय त्यांचं. कुणी म्हणालं, नातवाची मुंज करतो म्हणून सांगा. सांगितलं. काही नाही. शेवटी माझा चुलतभाऊ, जो एरवी चार शब्द बोलत नाही, तो पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आप्पा, ट्रॅक्टरचं कर्ज मी फेडतो, आईला शेतावर पाठवत नाही." आणि थोड्या वेळानं कावळा आला. आता कावळा का आला, भूक लागली म्हणून आला की माणसं जरा मागं सरकली म्हणून आला, ते सोडा. चाळीस माणसांसमोर एका मुलानं आपल्या बापाचं राहिलेलं काम अंगावर घेतलं, आणि पुढं खरंच केलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

भुताची सगळी कल्पना ह्याच्यातच आहे. ज्याचं काही राहिलं नाही तो पितर होतो, घरच्या माणसांत बसतो, वर्षातून एकदा पितृपक्षात जेवून जातो. ज्याचं राहिलं, किंवा ज्याचं कुणी केलंच नाही, तो अडकतो.

आता ह्या हिशोबानं भुतांचे प्रकार बघितले की ते एकदम वेगळे दिसायला लागतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला खरं लग्नाआधी गेलेला पोरगा, तो पिंपळावर. अळवंतीण म्हणजे पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेलेली बाई, हडळीच्या बऱ्याच गोष्टी पण शेवटी तिथंच येऊन थांबतात. गिऱ्हा पाण्यातला, बुडून मेलेल्याचा. समंध म्हणजे मागं वारस न ठेवता गेलेला, पैशाअडक्यात जीव अडकलेला. ही यादी म्हणजे आपल्या भागात पूर्वी माणसं कशानं मरत होती त्याचं रजिस्टर आहे असं मला वाटतं. दवाखाना लांब, ओढ्याला पूर, रक्तस्राव थांबत नाही, सुईणीच्या हाती विळा, मग ताप, अशानं ज्या घराघरातल्या बायका गेल्या त्यांची नोंद कुठल्या कागदावर झाली? झाली नाही. ती चिंचेखालच्या अळवंतिणीच्या गोष्टीत झाली. देशात १ लाख जिवंत जन्मांमागं मरणाऱ्या आयांचा आकडा २०१८-२० मध्येच ९७ वर आलता, हा सरकारी आकडा आहे, आणि नव्या अळवंतिणीच्या गोष्टी पण आता फारशा ऐकू येत नाहीत, जुन्याच फिरत असतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे. ह्या यादीत आपली जातपात पण जशीच्या तशी आहे. समंध म्हटलं की ब्राह्मणाचा, खवीस म्हटलं की मुसलमानाचा (शब्दच अरबी 'खबीस' वरून आलाय, म्हणजे वाईट, घाणेरडा). जिवंतपणी ज्याच्याबद्दल मनात अढी, मेल्यावर त्याचंच भूत जास्त खुनशी. हे वाचताना डोळे उघडे ठेवा एवढंच म्हणणं.

आणि हिशोबात सगळ्यात मोठं उत्तर आपल्या नंदगडला उभं आहे. कित्तूर संस्थानासाठी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला नंदगडजवळ वडाच्या झाडाला फाशी दिली. वय अवघं ३२. आता गावच्या नियमानं बघा, ऐन तारुण्यात, फासावर, परक्याच्या हातून, आणि कित्तूर सोडवायचं काम अर्धवट. भूत व्हायला लागतंय ते सगळं आहे. खरं त्या समाधीवरच्या वडाला लोक घाबरत नाहीत, तिथं नवस बोलतात, मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. फाशी गेलेल्या माणसाच्या झाडाला पाळणे! का? कारण लोकांनी त्यांना विसरू दिलं नाही, त्यांचं राहिलेलं आपलं मानलं, पोवाडे गायले, समाधी राखली. जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात ना, खाली लढाई, मधल्या कप्प्यात वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर, आणि टोकाला चंद्रसूर्य, ती पण हीच व्यवस्था. जिथं दगड बसला तिथं मेलेला माणूस देवाच्या बाजूला गेला. आणि त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला कर्जापायी गळफास घेतलेला एखादा शेतकरी असतो, त्याच्यासाठी दगड नाही, नाव घ्यायची पण चोरी, मग त्या झाडाखालून रात्री कुणी जात नाही.

हा झाला 'कुणाचं'चा भाग. दुसरा भाग म्हणजे 'कुठं'. भुताच्या जागा अशा तशा ठरत नाहीत. विहीर, डोह, घाटाचं वळण, जंगलातली पायवाट, धान्याचं पेव, ओसाड गावठाण. जिथं जिवाला खरोखर धोका असतो तिथंच भूत असतं, आणि आपल्या पूर्वजांनी बोर्ड लावण्याऐवजी तिथं गोष्ट लावली.

चकवा घ्या. माझे बाबा तरुणपणी एकदा कणकुंबीकडनं जांबोटीच्या अंगाला जंगलातनं चालत येत होते, जुलै महिना, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, धुकं असं की हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत. पाऊलवाट पायाखालची होती, शंभर वेळा गेलेली. चालले चालले, एक मोठं वारूळ लागलं, त्याच्यावर कुणीतरी टाकलेलं फाटकं इरलं. पुढं तासाभरानं परत तेच वारूळ, तेच इरलं. अजून चालले, परत तेच. बाबा सांगायचे, तिसऱ्यांदा ते इरलं बघितलं तेव्हा पायातलं बळच गेलं. मग त्यांना त्यांच्या वडलांचं बोलणं आठवलं, की चकवा लागला तर पळायचं नाही, बोलवलं तर ओ द्यायची नाही, जागच्या जागी खाली बसायचं आणि तंबाखू मळायची. ते बसले. पहाटेपर्यंत तिथंच, डोक्यावर घोंगडं घेऊन. उजाडल्यावर बघतात तर डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर, पहिल्या एसटीचा हॉर्न ऐकू आला.

हे थोतांड नाही, हे खरं घडतं. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ह्याचा नीट अभ्यास करून तो छापला. माणसांना अंगावर जीपीएस लावून जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडलं आणि सांगितलं सरळ चालत रहा. सूर्य दिसत होता तोवर जंगलातली माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं तेव्हा गोल गोल फिरायला लागली, आपलीच वाट परत ओलांडली, आणि त्यांना त्याचा पत्ता पण नव्हता. वाळवंटात रात्री चंद्र मावळल्यावर तसाच प्रकार. डोळे बांधून चालवलं तर काहीजण २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले, म्हणजे आपल्या एखाद्या खळ्याएवढ्या जागेत. एक पाय आखूड म्हणून असं होतं हे पण खोटं निघालं, कारण तोच माणूस एकदा डावीकडं वळायचा, एकदा उजवीकडं. होतं असं की सरळ म्हणजे कुठं ह्याचा अंदाज मेंदू पावलापावलाला घेत असतो, दर वेळी केसभर चुकतो, आणि ती चूक दुरुस्त करायला बाहेर काहीतरी खूण लागते, सूर्य, डोंगर, देवळाचा कळस, लांबचा दिवा. धुक्यात खूणच नाही, मग चुका एकावर एक चढत जातात.

आता आजोबांचा उपाय परत वाचा. बस, तंबाखू मळ, उजाडेपर्यंत हलू नको. जंगलात वाट चुकलेल्याला आज बचाव पथकवाले पण हेच सांगतात, जागा सोडू नका. ट्रेकला जाणाऱ्या पोरांना मी तर चकव्याची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण 'दिशाभ्रम होऊ शकतो' हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि चकवा राहतो.

दुसरी गोष्ट पेवाची. नव्या पोरांनी पेव बघितलेलं पण नसेल. अथणी, चिकोडी, निपाणीकडं, जिथं काळी जमीन आणि जोंधळा, तिथं वाड्यात नाहीतर गल्लीत जमिनीखाली मोठा खड्डा असायचा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, कडेनं कडबा लावून जोंधळा भरायचा आणि वर दगड ठेवून माती लिंपायची. कन्नडमध्ये त्याला हगेव म्हणतात. माझ्या मामाचं गाव चिकोडी तालुक्यात, तिथं एका पेवाबद्दल सांगायचे की त्यात बापलेक गेले, आधी बाप उतरला, तो ओ देईना म्हणून लेक उतरला, दोघं पण वर आले नाहीत, अंगावर खरचटल्याची पण खूण नव्हती. पेवानं ओढलं. पेवाला बळी लागतो.

कारण असं आहे. धान्य जिवंत असतं, श्वास घेतं. त्याच्याबरोबर किडे, बुरशी पण श्वास घेतात. बंद पेवात महिनोन्महिने हे चाललं की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साईड साठतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाला बसतो, रंग नाही वास नाही. (धान्याला कीड लागत नाही ती पण त्याचमुळं, पेवाची हुशारी तीच आणि धोका पण तोच.) वरनं बघणाऱ्याला काही कळत नाही, माणूस उतरतो, दोनचार श्वासात चक्कर येऊन पडतो. वरच्याला वाटतं पाय घसरला, तो वाचवायला उतरतो आणि तो पण पडतो. एकापाठोपाठ दोन मरणं, जखम नाही, आवाज नाही. ज्याला वायूचं काही माहीत नाही त्यानं ह्याला काय म्हणावं? बळी घेणारं पेवच म्हणणार.

आणि म्हणून रीत होती. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, तोंड तसंच मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. आजोबांचा कंदील मी बघितलाय, मामाकडं अजून आहे, काचेला तडा गेलेला, कडीला दोरीचा पीळ तसाच. कंदील विझला तर म्हणायचे, आत आहे, आज नको. विझला नाही तर नारळ फोडून उतरायचं. आत आहे म्हणजे कोण ते बोलायचे नाहीत, खरं ती परीक्षा बरोबर होती, ज्योतीला ऑक्सिजन लागतो. आज पेवं गेली तरी बंद पडलेल्या विहिरी आहेत, सेप्टिक टँक आहेत, आणि तिथं अशीच दोन-दोन तीन-तीन माणसं जातात. तिथं कंदिलाची परीक्षा चालत नाही, सेप्टिक टँकमध्ये पेट घेणारा वायू असतो, विषारी वायू पण असतो, काडी ओढायचीच नाही. आतला माणूस पडला तर आपण उतरायचं नाही, ११२ ला फोन करायचा. हे वाचून एकानं जरी मागं पाय घेतला तरी मला पुष्कळ झालं.

आवाज आणि उजेड ह्यांच्याबद्दल फार लांबवत नाही. कौलावर रात्री पावलं वाजतात ती बऱ्याच वेळा उदमांजराची, ते माळ्यावर राहतं आणि रात्री बाहेर पडतं. गव्हाणी घुबड पांढरट, पंखांचा अजिबात आवाज न करता उडतं आणि किंचाळतं बाईसारखं, पडक्या बंगल्यात घर करतं, बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या निम्म्या गोष्टी मी त्याच्या खात्यावर टाकतो. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात जमिनीलगत लाल डोळे चमकतात तो रातवा, पक्षी आहे, रस्त्यावरच बसतो. आणि पावसाळ्यात जंगलात कुजलेलं लाकूड हिरवट उजेड देतं, ती चमकणारी बुरशी, गोव्याकडच्या म्हादई अभयारण्यात लोक आता ती मुद्दाम बघायला जातात आणि ते जंगल आपल्या भीमगड अभयारण्याला लागूनच आहे. त्या बुरशीत एक रसायन असतं, ऑक्सिजनशी जुळलं की उजेड पडतो, उष्णता नाही. काळोख्या रात्री लांबनं ते लाकूड बघितलेल्या माणसानं वेताळाची पालखी चालली म्हणून सांगितलं तर मी त्याला खोटं म्हणणार नाही, त्यानं उजेड बघितलाच होता.

एक अनुभव माझा स्वतःचा. कॉलेजला असताना टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ खोली घेतलेली, परीक्षा, रात्र रात्र जागरण. एका पहाटे जाग आली, डोळे उघडे, पंखा दिसतोय, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय, आणि अंग हलेना. छातीवर कोणतरी बसलंय. ओरडायला गेलो तर आवाज नाही. दाराजवळ काळं काहीतरी उभं. मिनिटभर असेल, मला तो तास वाटला. सकाळी शेजारच्या मावशी म्हणाल्या, तुझ्या आधीच्या पोराला पण असंच झालतं. मग काय, आठ दिवस मी मित्राच्या खोलीवर.

नंतर कळलं की ह्याला झोपेतला लकवा म्हणतात आणि तो पुष्कळ लोकांना आयुष्यात कधी ना कधी येतो. स्वप्नं पडायच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू मुद्दाम ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पलंगावरनं उठून पळू. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंचं कुलूप मागनं उघडतं. मधल्या त्या काही सेकंदात, फार तर दोनचार मिनिटांत, स्वप्न अजून चालू असतं आणि डोळे उघडे असतात, दोन्ही एकमेकांत मिसळतं. जागरण, वेळीअवेळी झोपणं, उताणं झोपणं ह्यानं ते जास्त होतं. माझ्या आधीचा पोरगा पण परीक्षेचाच विद्यार्थी होता, त्या खोलीत राहणारे सगळेच तसे.

आता 'नाळे बा'. १९९० च्या दशकात कर्नाटकात हे पसरलं, की रात्री एक भुतीण येते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. उपाय म्हणजे दारावर 'नाळे बा' लिहायचं, म्हणजे उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, परत तेच वाचते. आमच्या गल्लीत मराठी घरांच्या दारावर पण खडूनं ती कन्नड अक्षरं आलती, ज्यांना कन्नड लिहिता येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याकडनं लिहून घेतलं. अफवा कशी वाढते हे समजून घ्यायला ह्याच्यासारखं उदाहरण नाही. नुसती गोष्ट ऐकून माणूस विसरतो, खरं इथं गोष्टीबरोबर एक काम दिलेलं होतं. पहिल्या घरानं लिहिलं ते भीतीनं, दुसऱ्यानं लिहिलं ते पहिल्याचं बघून, आणि दहावं दार रंगेपर्यंत न मानणारा पण म्हणतो, लिहायला काय जातंय. दारावरचं उत्तरच पुरावा होऊन बसलं.

नावाचं पण तसंच. पुणे-बेंगळूर हायवेला काकतीच्या पुढं भूतरामहट्टी आहे, गावाच्या नावातच भूत, आणि तिथंच आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ सुरू झालं, प्राणीसंग्रहालय पण तिथंच. राकसकोपच्या नावात राक्षस आहे आणि बेळगाव शहर त्या तलावाचं पण पाणी पितं. पोरांना नावावरनं भीती घालणाऱ्यांनी हे पण सांगत जावं.

आता जे बोलायला मला जड जातं ते. आमच्या गल्लीत एक वहिनी होत्या, पहिलं बाळंतपण, सहाव्या दिवसापासनं झोप नाही, एकटीच बोलायच्या, बाळाकडं बघून म्हणायच्या हे माझं नव्हे, बदललंय. घरच्यांनी म्हटलं, बाहेरचं लागलंय, अळवंतीण धरलीय. एका देवरशाकडं नेलं. मिरच्यांची धुरी, केरसुणीचा मार, ओल्या बाळंतिणीला. पंधरा दिवस हे चाललं आणि आम्ही गल्लीतले सगळे ऐकत होतो, मी पण. शेवटी त्यांच्या भावानं धारवाडला मनोरुग्णालयात नेलं. औषधं सुरू झाली, दोन महिन्यांत बाई घरी परत, बाळाला घेऊन. ते बाळ आता कॉलेजला जातंय. हा आजार आहे, बाळंतपणानंतरचा मनोविकार, हजार बाळंतिणींमागं एक-दोघींना होतो, बहुतेक करून पहिल्या पंधरवड्यातच. तातडीनं डॉक्टरकडं न्यावं लागतं, कारण आईच्या आणि बाळाच्या दोघांच्या जिवाला धोका असतो, आणि उपचारानं बरा होतो. आमच्याकडं 'ह्याला धारवाडला न्या' ही शिवी आहे, ती बंद व्हायला पाहिजे, त्या धारवाडनं एक घर वाचवलं. जायला जमत नसलं तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मानसिक त्रासाबद्दल त्यावर बोलता येतं.

अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा पण आहे. महाराष्ट्रात २०१३ चा, कर्नाटकात २०१७ चा, तो जानेवारी २०२० पासनं लागू झाला. म्हणजे निपाणीत रहा नाहीतर कागलात, भूत काढायच्या नावाखाली मारहाण हा दोन्हीकडं गुन्हाच. पूजा, जत्रा, नवस, गोष्टी सांगणं ह्यावर बंदी नाही, माणसाला इजा करण्यावर आहे. बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबरला कर्नाटकातले राजकीय नेते सतीश जारकीहोळी ह्यांच्या मानव बंधुत्व वेदिकेचे लोक कित्येक वर्षं अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतात, तिथंच जेवतात, रात्री मुक्काम पण केलाय. मला ते पटतं. खरं त्याच्याबरोबर मेलेल्यांची नावं पण घेतली जावीत असं वाटतं, कारण भीती गेली आणि गोष्ट पण गेली तर ती माणसं दुसऱ्यांदा जातील.

आमच्या आजोळच्या रस्त्याला ओढ्याजवळ एक वळण आहे, तिथं पांढऱ्या साडीतली बाई दिसते म्हणतात, बाईकवाल्यांना हात करते. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा आज्जीसारखंच विचारलं, कुणाचं? तरण्या पोरांना माहीत नव्हतं. एकानं सांगितलं, त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीला विचारा. संध्याकाळी तिच्याकडं गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "तिनसांजेचं नाव घेऊ नये बाळा, उद्या ये."

सकाळी गेलो. तिनं नाव सांगितलं, माहेर सांगितलं. तिची धाकटी जाऊ. कळा सुरू झाल्या तेव्हा ओढ्याला पूर, पूल नव्हता, बैलगाडीत घालून पाणी उतरायची वाट बघत रात्रभर त्या वळणावर थांबले. पहाटे गेली, पोटातल्यासकट. मी पांढऱ्या साडीचं विचारलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"पांढरी कुठली? हिरवं इरकल होतं तिच्या अंगावर. माझंच. थंडी वाजालीय म्हणाली म्हणून मी माझ्या हातानं गुंडाळलेलं."